बेदाण्याशेजारी ठेवलेला समुद्रतळ

तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, बेदाण्याच्या बॉक्सांच्या मागे, अरबी समुद्राचा पाच मीटर तळ ठेवलेला आहे. तो तिथे मी नेऊन ठेवला. नातेवाइकांत याची बरीच चर्चा झाली. या वयात बायका गळ्यात माळ घालतात, हिनं चिखल गोळा केला, असं माझी नणंद म्हणाल्याचं कानावर आलं. नणंदेची माहिती अर्धीच आहे. चिखल मी पंचविशीतच गोळा केला होता. या वयात तो फक्त फेकू दिला नाही.

का फेकू दिला नाही, असं विचारणारे पुष्कळ भेटले आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. त्या चिखलात माझी एक चूक होती. चिखल गेला असता तर चूकही गेली असती, आणि मी मोठी विदुषी म्हणून सुखानं मेले असते. ते मला मंजूर नव्हतं.

आधी चिखलाचं सांगते. समुद्राच्या तळावर वर्षानुवर्षं गाळ बसत असतो. नद्यांची माती, वाऱ्यानं आलेली धूळ आणि पाण्यात राहणाऱ्या, खसखशीहून बारीक जिवांची कवचं. जुनं खाली, नवं वर. जहाजावरून एक वजनदार लोखंडी नळी सरळ खाली सोडायची. ती तळात घुसते, आणि वर ओढली की तिच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पाइपात तो गाळ थरांसकट येतो. त्याला आम्ही कोअर म्हणतो. या कवचांतली एक जात थंड पाण्यात माजते. पावसाळी वारे जोरात वाहिले की खालचं थंड पाणी वर येतं आणि ही जात भरभरून वाढते. वारे मंदावले की रोडावते. म्हणजे कुठल्या थरात तिची किती कवचं आहेत हे मोजलं, की त्या काळी वाऱ्यांत किती दम होता ते कळतं. कुणी पाऊस मोजायला लागण्याच्या हजारो वर्षं आधीचा पाऊस असा मोजावा लागतो, ओल्या ब्रशच्या टोकानं, सूक्ष्मदर्शकाखाली, एकेक कवच उचलून.

विट्यात हे समजावणं सोपं जातं. आमच्या गल्लीतली निम्मी घरं वर्षातले दहा महिने कुलपात असतात, कारण पुरुषमाणसं दूरच्या शहरांत गलाईची दुकानं चालवतात. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती आणायची, धुवायची, आटवायची, आणि तिच्यातून सोन्याचा कण वेगळा काढायचा. शेजारणीला मी सांगितलं की मीही नोकरीभर तेच केलं, फक्त माझ्या मातीत सोनं नव्हतं. तिनं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं, उसाचं. सासर म्हसवडच्या बाजूचं. माहेरी पाणी जास्त झालं म्हणून रानं खारवली, सासरी पाणी नाही म्हणून रानं पडून राहिली. या दोन घरांत वावरलेल्या बाईला पावसाचं वेड लागलं तर त्यात नवल नाही. नोकरी मात्र किनाऱ्यावरच्या एका संस्थेत केली, नवरा फौजेत सरहद्दीवर आणि मी समुद्रावर, असा संसार. हे सुभेदार होऊन निवृत्त झाले, घरात मी त्यांना सुभेदारच म्हणते. मी निवृत्त झाल्यावर मी म्हणावं माझ्या गावी चला, त्यांनी म्हणावं माझ्या, असं काही दिवस चाललं. शेवटी दोघांच्या मध्ये तह म्हणून विट्यात घर बांधलं.

आता त्या पंचविशीतल्या पोरीबद्दल, म्हणजे तेव्हाच्या माझ्याबद्दल. मला ती फारशी आवडत नाही. पंजाबी ड्रेसवर कॅन्व्हासचे बूट घालून ती जहाजावर चढायची आणि सगळ्या गावाला पत्रं लिहायची की मी जहाजावर चढले. जेवायच्या ताटावरही ती गाळाबद्दल बोलायची. तिच्या प्रबंधातला सगळ्यात लाडका शब्द होता 'अचानक'. तिच्या कोअरमध्ये असं दिसलं होतं की फार पूर्वी पावसाळी वारे अशक्त होते, मग अचानक जोरदार झाले, आणि मग पुन्हा अचानक कोसळले. हळूहळू नाही, एका झटक्यात. हे लोकांना फार आवडलं. झटका सगळ्यांनाच आवडतो. तिचं काम परदेशी मासिकात छापून आलं, पुढं कितीतरी जणांनी आपल्या लेखांत त्याचा आधार घेतला, आणि माहेरच्या शाळेनं शाल-नारळ दिला. शाल अजून आहे. कसर लागली आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या संस्थेतल्या एका तरुण शास्त्रज्ञ मुलीचा फोन आला. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. कोअर ठेवायचं शीतगृह दुरुस्तीला काढलंय, ती म्हणाली, आणि ज्यांना कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नाही असे जुने कोअर काढून टाकायची यादी केली आहे. तुमचा त्यात आहे. त्यावरचं सगळं काम झालेलं आहे ना, एवढं फक्त विचारायचं होतं. मी म्हटलं, झालंय की, केव्हाच झालंय. फोन ठेवला आणि मला उगाच भरून आलं. म्हणून सुभेदारांच्या काळ्या ट्रंकेतून माझी जहाजावरची वही काढली आणि ओट्यापाशी, तापत ठेवलेल्या दुधाशेजारी उभी राहून चाळायला लागले. दूध उतू गेलं ते त्या वहीमुळे.

कोअर वर आला त्या दिवसाचं पान. नळीतला पाइप डेकवर आडवा घातला की एकेक मीटरचे तुकडे करायचे, वरच्या टोकापासून खाली, आणि त्याच क्रमानं नंबर घालायचे. एक म्हणजे समुद्रतळाचा पृष्ठभाग, शेवटचा नंबर म्हणजे सगळ्यात खोलचा. जगभर हीच रीत. आमच्या कोअरचे पाच तुकडे व्हायचे होते. माझ्याबरोबर एक सहकारी होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि दहापट शांत. एक, दोन, तीन हे नंबर त्यानं घातले. मग समुद्र खवळला, त्याला बोट लागली आणि तो कठड्याला जाऊन ओणवा झाला. मला बोट लागली नाही. याचा त्या पोरीला केवढा माज. तिनं त्याला सांगितलं, तुम्ही पडा जाऊन, उरलेलं मी बघते. उरलेला दोन मीटर पाइप तिनं मधोमध कापला, 'वर' कुठली बाजू याचे बाण दोन्ही तुकड्यांवर नीट काढले, आणि नंबर घातले. वहीत तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलंय: चार, बुडखा. पाच, त्याच्या वरचं कांडं.

बुडखा म्हणजे उसाचा जमिनीलगतचा जाड भाग. आमच्या घरी लागणीचं बेणं तोडायला बसलं की पोरांनी कांडी मोजायची आणि ती बुडख्याकडून मोजायची. ऊस जसा वाढला तसाच मोजायचा, असा माझ्या वडिलांचा कायदा. शेंड्याकडून मोजणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा. मी कोअरची रीत शिकले होते, परीक्षेत लिहिली होती, दुसऱ्यांना शिकवलीही होती. पण डेक हलत होतं, बोटं गारठली होती, आणि डोकं दमलं की हात माहेरी जातात. सगळ्यात खालचा तुकडा त्या पोरीनं आधी मोजला. त्याला चार नंबर दिला, आणि त्याच्या वरच्याला पाच.

म्हणजे प्रत्येक तुकडा आपल्या जागी सरळ उभा होता, फक्त शेवटच्या दोघांनी आपसात खोल्या बदलल्या होत्या. आणि या दोन खोल्यांवर माझा सगळा लौकिक उभा होता.

इतकी वर्षं हे कुणाला कसं दिसलं नाही? त्या काळी वय काढून घ्यायला मूठभर कवचं लागायची आणि चाचणी दूरवर व्हायची. पहिल्या तीन तुकड्यांचीच वयं निघाली होती, खालच्या दोघांची आम्ही अंदाजानं धरली. हे झालं सभ्य उत्तर. खरं असं की चूक त्या पोरीला ओरडून सांगत होती. तिची ती प्रसिद्ध उडी नेमकी करवत फिरली होती त्या जागी होती. एक तुकडा संपतो, दुसरा सुरू होतो, आणि तिथेच वारे कोसळतात. हजारो वर्षांपूर्वीचे वारे काय हिच्या करवतीची वाट बघत थांबले होते? एवढं साधं तिच्या डोक्यात आलं नाही, कारण तिला उडी हवी होती.

आणि एकाच्या डोक्यात आलं होतं. एका सभेत दुसऱ्या विद्यापीठातल्या एका तरुण संशोधकानं शेजारच्याच पट्ट्यातला आपला कोअर मांडला. त्याच्यात उडी नव्हती. वारे सावकाश मंदावत गेले होते. त्यानं फार नम्रपणे विचारलं, की आपल्या दोघांत हा फरक का असावा. ही बाई, म्हणजे मीच, माईकजवळ गेली आणि म्हणाली, तुमच्या चिखलात किड्यांनी नांगरट केलेली दिसते, म्हणून सगळं सपाट झालंय. सभा हसली. तो बसला. त्यानंतर त्यानं तो विषय सोडल्याचं मला कळलं होतं, आणि तेव्हा मी, लिहायला लाज वाटते, कॉफी घेतली होती आणि बिस्किट मागवलं होतं.

मी उतू गेलेलं दूध पुसलं आणि सुभेदारांना सगळं सांगितलं. ते शेंगा फोडत बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे कुणाला ठाव हाय का?"

"न्हाई. मला आत्ता कळलं."

"मग चिखल गेला की केस बंद. रिटायर माणसाचं कोर्टमार्शल व्हत न्हाई."

"आवं, पण चुकले मी हाय."

"चुकलीस ना? मग गप बस. आमच्यात चुकलेला माणूस गप बसतो."

"म्हणूनच तुमी तीस वर्षं गप बसून काढली."

त्यांनी माझ्या वाटणीचे शेंगदाणेही खाऊन टाकले. भांडणाचा त्यांचा हाच प्रकार आहे.

मी त्या शास्त्रज्ञ मुलीला फोन केला आणि म्हटलं, माझा कोअर टाकू नका, मला तो तपासायचा आहे. वहीचं मी तिला सगळं सांगितलं. ती घाबरली. मग म्हणाली, मॅडम, मी वर विचारून सांगते. वरून उत्तर आलं ते फार गोड होतं. मॅडमनी आयुष्यभर काम केलंय, या वयात त्यांनी कशाला त्रास घ्यायचा, त्या कामाला मान आहे तो राहू द्यावा, आणि जागा नाही. त्रास, मान आणि जागा या तिन्हींत खरी अडचण कुठली ते मला समजलं. पण 'या वयात' हे शब्द त्यांनी वापरायला नको होते. माझ्या घरात ते शब्द फक्त मी वापरते.

मी विचारलं, जागा मी आणली तर? ती म्हणाली, महिनाअखेरीच्या आत, आणि थंडी नीट सांभाळली जाईल असं लिहून द्यावं लागेल. गाळ वाळला की भेगा पडतात, उबला की बुरशी येते. गोठवला तर थरांची मोडतोड होते. ना गोठण, ना ऊब, बारा महिने सारखी थंडी. घरच्या फ्रिजमध्ये मीटरभर पाइप मावत नाही. मी टेप लावून बघितलं होतं. सुभेदार म्हणाले, दार काढ.

मग एक दिवस एस.टी.तून तासगावच्या बाजूनं जाताना रॅकवर वाळत घातलेले बेदाणे दिसले, आणि मला माझ्याच मूर्खपणाचं हसू आलं. या तालुक्यात कोल्ड स्टोरेजना काय तोटा? बेदाण्याला लागते तीच थंडी माझ्या गाळाला लागते.

माझ्या शाळेतला एक वर्गमित्र तिथं बेदाण्याचा व्यापार करतो. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवणारा, बोलण्यात मोजूनमापून. मी त्याच्या पेढीवर जाऊन बसले. त्यानं चार प्रकारचे बेदाणे पुढं ठेवले आणि माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं. पहिला प्रश्न वासाचा निघाला. बेदाणा शेजारच्याचा वास ओढून घेतो, समुद्राचा वास लागला तर माल कोण घेणार. मी म्हटलं, दोनदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देते, वर मेण लावते. दुसरा प्रश्न वेगळाच निघाला.

"बाई, त्यात जीव हाइत का?"

"हुते. मेले."

"कुणी मारलं?"

"कुणी न्हाई. आपापल्या मरणानं मेले, हजारो वर्षांमागं. नुसती कवचं ऱ्हायलीत."

"तुमी न्हाई मारलं?"

"मी जन्मले पण नव्हते."

हे त्याला पटलं. मग त्यानं विचारलं, त्या चिखलाचं तुम्ही करणार काय. मी सांगितलं, मी चुकले होते असं सिद्ध करणार. त्यानं चष्मा काढला.

"शाळेत तर तुमी एका मार्कासाठी मास्तरांशी भांडायचासा."

"तवा वाढवून मागत हुते. आता कमी करून मागतीय."

तो हसला नाही, पण त्यानं माणसाला बोलावून मागची लहान खोली रिकामी करायला सांगितली. त्या खोलीत तो नवा माल ठेवत नसे. त्याची थंडगार गाडी बेदाणा घेऊन किनाऱ्याकडे जायची ती परत येताना रिकामीच असायची, तिच्यातून पाइप आणायचं ठरलं. संस्थेचा फॉर्म आला. 'प्रयोजन' या रकान्यात मी लिहिलं, 'स्वतःच्या निष्कर्षाची फेरतपासणी.' त्या मुलीनं तो फॉर्म वरून सही करून आणला. कसा आणला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिच्या नोकरीला ते सोपं गेलं नसणार एवढं मला कळतं. आंबोली घाटात गाडी अडवून कुणीतरी पाइपात काय आहे विचारलं, तेव्हा ड्रायव्हरनं सांगितलं, आजीबाईंचा चिखल. त्याला सोडून दिलं.

कोअर आल्यावर मी तिथं गेले. सुभेदार येणार नव्हते, त्यांनी तसं दोनदा जाहीर केलं होतं. निघताना बघते तर ते माझ्याआधी कानटोपी घालून उभे. त्यांचा फौजी कोट मी घातला, त्याचे हात माझ्या गुडघ्याला लागत होते. आत बेदाण्याचा गोडसर आंबट वास आणि पंख्याचा आवाज. रिकाम्या बॉक्सांवर फळी टाकून आम्ही टेबल केलं.

प्रत्येक तुकडा लांबीत चिरून त्याचे दोन अर्धे केलेले असतात. एक अर्धा खरवडून, कापून कामाला घ्यायचा, दुसरा हात न लावता राखून ठेवायचा. इतक्या वर्षांत हे राखलेले अर्धे कुणी एकाला एक लावून बघितले नव्हते. ती पोरगी तर आधीच पुढच्या जहाजाच्या मागे लागली होती. मी तिसरा ठेवला. त्याच्या खाली चौथा सरकवला. तिसऱ्याचं खालचं टोक फिकट हिरवट, आणि त्यात काठापासून अंगठाभर आत एका किड्यानं केलेलं बीळ, पांढुरक्या गाळानं भरलेलं, सरळ खाली गेलेलं. ते करवतीनं कापलं गेलं होतं. चौथ्याच्या वरच्या टोकावर त्या बिळाचा मागमूस नव्हता. रंग काळपट, पोत वेगळा. दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसवावीत तसे ते दिसत होते.

चौथा बाजूला केला. पाचवा लावला. काठापासून अंगठाभर आत तेच बीळ, तेवढंच रुंद, तोच पांढुरका गाळ. बीळ पुढं बोटभर जाऊन संपलं होतं. मग पाचव्याच्या खाली चौथा लावला, तर एक काळी रेघ दोघांत अर्धी अर्धी वाटलेली निघाली.

ज्या किड्यांवर मी भर सभेत आळ घेतला होता, त्यांच्यातल्या एकानं माझा निकाल लावला. सुभेदार टॉर्च धरून उभे होते.

"तीन, पाच, चार," ते म्हणाले. "म्हणजे तू चुकलीस."

"व्हय."

"नक्की?"

"नक्की."

"मग हसतीस का गं?"

थंडीनं जबडा आखडला होता, आणि तरी हसू येत होतं. इतकी वर्षं मी एका बनावट वाऱ्याची मालकीण होते, आणि आता पाच मीटर खराखुरा गाळ माझ्यापुढं होता.

पण बीळ म्हणजे पुरावा आहे, मोजणी नाही. मोजणी करायची तर कवचं उचलायला हवी होती. संस्थेनं भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक मी निवृत्त होताना मागून आणला होता. तो जेवायच्या टेबलावर मांडला. जोडाच्या दोन्ही बाजूंनी चिमूट चिमूट गाळ घ्यायचा, मैद्याच्या चाळणीहून कितीतरी बारीक जाळीवर धुवायचा, वाळवायचा, आणि शून्य नंबरच्या ब्रशनं एकेक कवच वेगळं करायचं. पूर्वी एका नमुन्याला सकाळ पुरायची, आता दोन दिवस लागायचे. एकदा सुभेदार शिंकले आणि एक अख्खा नमुना, म्हणजे काही शतकं, जमिनीवर गेला. तो पुन्हा धुतला. दिवाळीचा फराळ आम्ही ओट्याजवळ उभं राहून खाल्ला, कारण टेबल मोकळं नव्हतं. त्या मुलीनं जोडाजवळची कवचं वयाच्या चाचणीला धाडली. आता मूठभर लागत नाहीत, चिमूटभर पुरतात. चौथा पाचव्याहून जुना निघाला. उडी कुठंच नव्हती. वारे सावकाश, पिढ्यान्‌पिढ्या मंदावत गेले होते, आणि मग सावकाशच सावरले होते. ज्याला मी माईकवरून गप्प बसवलं, त्याच्या कोअरमध्ये अगदी हेच होतं.

मी त्याचा नंबर मिळवला. तोही निवृत्त झालाय. मी सगळं सांगितलं, वही, बुडखा, बीळ, सगळं. शेवटी मी म्हटलं, तुमच्या चिखलात नांगरट नव्हती, नांगरट माझ्या डोक्यात होती. मला वाटलं, आता तो म्हणेल जाऊ द्या बाई, फार वर्षं झाली. लोक तसंच म्हणतात आणि आपण सुटतो.

तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही माईकवर बोलला होता. आज फोनवर बोलताय."

आणि त्यानं फोन ठेवला. मला राग आला. दोन दिवस मी घरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी कळलं की राग यायचं कारण एकच आहे, तो बरोबर बोलला.

म्हणून दुरुस्ती छापायची ठरवली, ज्या मासिकात ती उडी छापली होती तिथंच. त्या मुलीनं मसुदा केला. आकडे चोख, नकाशा चोख. चुकीबद्दल मात्र एकच वाक्य, की जहाजावर तुकड्यांवर क्रमांक घालताना अदलाबदल झाली. ती म्हणाली, मॅडम, एवढंच पुरतं, कुणाचं नाव नको.

जहाजावर कोअर कापायला आम्ही दोघंच होतो, हे जुन्या लेखात छापलेलं आहे. माझा तो सहकारी आता नाही. सहा वर्षांपूर्वी गेला. नाव नको म्हटलं की चूक दोघांच्यात अर्धी अर्धी होते, आणि त्याचा अर्धा नाकारायला तो नाही. वाचणारा तर म्हणेल, बाई इतकी काटेकोर, चूक त्याचीच असणार. त्याची बायको, मुलं हे वाचतील. ज्यानं एक, दोन, तीन बिनचूक घातले आणि मग कठड्यावर ओणवा झाला, एवढाच त्याचा गुन्हा. मी त्या मुलीला सांगितलं, हे वाक्य काढ.

यावर वरून फोन आला. वरचे गृहस्थ फार सभ्य होते. ते म्हणाले, अशा लेखांत 'मी' लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, उडी छापली तेव्हा शाल-नारळ घ्यायला 'मी'च गेले होते. ते म्हणाले, इतकं उघड लिहिलं तर जुन्या सगळ्याच कोअरबद्दल लोक शंका घेतील. मी म्हटलं, घेऊ द्या, शंका घेणाऱ्याला मी एकदा सभेत बसवलंय, त्याचं फळ आपण बघतोय. ते म्हणाले, मॅडम, या वयात तुम्ही स्वतःला का...

त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "साहेब," मी म्हटलं, "नंबर मी घातले. चुकीचे मी घातले. माझ्या सहकाऱ्याला बोट लागली होती आणि तो तिथं नव्हता. ही तीन वाक्यं छापा, न्हाईतर माझी सही मिळणार न्हाई, आणि माझ्या सहीशिवाय तुमी दुरुस्ती छापू शकत न्हाई." रागावले की मी अर्धी वाळव्यात जाते.

मसुदा तीन वेळा गेला आणि आला. पहिल्यांदा माझी वाक्यं दोन झाली होती, दुसऱ्यांदा एक. मी प्रत्येक वेळी तीन करून परत पाठवली. मधल्या काळात सुभेदारांनी, ज्यांनी मला गप बसायला सांगितलं होतं, पोस्टात जायचं काम स्वतःकडे घेतलं. ई-मेलनं सगळं जातं हे त्यांना ठाऊक आहे. पण सही केलेला कागद हातानं द्यावा असं त्यांचं मत पडलं, आणि दर वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

तिसऱ्यांदा तिन्ही वाक्यं जशीच्या तशी राहिली. 'बोट लागली' याचं भाषांतर त्या मुलीनं 'आजारी होता' असं केलं, तेवढं मी चालवून घेतलं. दुरुस्ती छापून आली, अर्ध्या पानाची, कुणाच्या नजरेत भरू नये अशी, पण माझ्या नावावर. तिच्यात पहिला आधार, ज्याला मी सभेत बसवलं होतं, त्या माणसाच्या कोअरचा दिला आहे, त्याच्या पूर्ण नावासकट. एक प्रत मी सहकाऱ्याच्या बायकोला पाठवली, एक त्या माणसाला. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. जे म्हणायचं ते छापलेलं होतं.

त्याचा फोन अजून आलेला नाही. यावाच, अशी अट मी कुठं घातली होती?